व्ही४ डोंगल, मिंट २१ : पीएलएल नॉट लॉक्ड येतंय आणि आता जीक्यूआरएक्स उघडेना झालंय

जांबोटी_सिग्नल

नमस्कार मंडळी,

मी बेळगावात ईसी (इलेक्ट्रॉनिक्स अँड कम्युनिकेशन) ब्रँचला शेवटच्या वर्षाला आहे, गाव जांबोटीकडचं, सध्या अनगोळला रूम करून राहतोय. प्रोजेक्टला एसडीआर घेतलाय, म्हणजे यूएसबीला लावायचा, सॉफ्टवेअरनं चालणारा रेडिओ. आधी एफएम स्टेशनच्या सिग्नलमधून आरडीएसचा डेटा (आवाजाबरोबर येणारा स्टेशनचं नाव वगैरे मजकूर) काढायचा आणि ते जमलं की गावाकडं जाऊन मिटीओर उपग्रहाचं हवामानाचं चित्र पकडायचं असा बेत आहे. डोंगल आरटीएल-एसडीआर ब्लॉगचा व्ही४, लॅपटॉप जुना, ४ जीबी रॅम, त्यावर लिनक्स मिंट २१.

झालंय काय ते क्रमानं सांगतो. सॉफ्टवेअर मॅनेजरमधून जीक्यूआरएक्स हे रेडिओ ऐकायचं सॉफ्टवेअर टाकलं, डोंगल लिस्टमध्ये दिसला, प्ले दाबलं की वॉटरफॉल (कुठल्या फ्रिक्वेन्सीवर सिग्नल आहे ते दाखवणारं सरकतं चित्र) पण चालू झाला, पण आवाजाच्या नावानं नुसती खरखर. रूमवर साधा रेडिओ आहे त्याच्यावर जी स्टेशनं खणखणीत लागतात त्यांच्या जागी इथं काहीच नाही. टर्मिनलमधून चालवून बघितलं तर आर८२एक्सएक्स पीएलएल नॉट लॉक्ड (म्हणजे ट्यूनर मागितलेल्या फ्रिक्वेन्सीवर पक्का बसत नाही) ही ओळ परत परत येते.

मग एका जुन्या ब्लॉगवर बघून सगळं सोर्समधून, म्हणजे मूळ कोडवरून, बिल्ड करायला घेतलं. त्यात लिहिलं होतं की आधीची आरटीएल-एसडीआरची लायब्ररी आरएम करून काढा आणि नवीन सीमेक, मेक करून टाका, ते केलं. पुढं जीएनयू रेडिओ (ब्लॉक जोडून रेडिओ बनवायचं सॉफ्टवेअर) पायबॉम्ब्स या टूलनं टाका म्हणून होतं, ३.७ व्हर्जन, त्यानं पायथन २ मागितलं, मग स्विग (सी++ आणि पायथन जोडणारं टूल) मागितलं, ते कसंबसं मिळवलं तर बिल्ड अर्ध्यात जाऊन सीसी१प्लस किल्ड असं म्हणून थांबतंय. पावसात इथं लाईट पण जाते आणि लॅपटॉपची बॅटरी संपलेली, त्यामुळं मधेच बंद पडतंय ते वेगळंच. डेटा पण दिवसाला दीड जीबी, तो क्लोन करण्यातच जातोय.

आता परिस्थिती अशी की जीक्यूआरएक्स उघडतच नाही. लिबआरटीएलएसडीआर डॉट एसओ डॉट ० ही शेअर्ड लायब्ररी सापडत नाही म्हणतंय.

विचारायचं एवढंच की डोंगल खराब निघालाय का, कारण परत पाठवायची मुदत जवळ आलीय. आणि सगळं पुसून मिंट परत टाकावं लागणार का? आणि जीएनयू रेडिओ कंपाईल केल्याशिवाय प्रोजेक्ट होतच नाही का? कॉलेजात विचारलं तर मॅटलॅबमध्ये सिम्युलेशन करून मोकळा हो म्हणालेत, पण मला खरा सिग्नल पकडायचाय.

---

उद्यमबाग_टेक

डोंगल परत पाठवू नको. तुझ्या वर्णनावरून तो चांगला आहे, त्याच्याशी बोलणारा ड्रायव्हर चुकीचा आहे. कारण नीट समजून घे म्हणजे पुढं असं काही आलं तरी तुझं तुला सोडवता येईल.

मिंट २१ उभं आहे उबुंटू २२.०४ वर, म्हणजे त्यातली पॅकेजं एप्रिल २०२२ च्या आसपास गोठलेली. व्ही४ डोंगल बाजारात आला २०२३ मध्ये. म्हणजे तुझ्या सॉफ्टवेअर मॅनेजरमध्ये जी लायब्ररी आहे ती तयार झाली तेव्हा हा डोंगल जन्मालाच आला नव्हता, तिला तो ओळखू येणार कसा. आधीच्या व्ही३ मध्ये आर८२०टी२ ट्यूनर (फ्रिक्वेन्सी निवडणारी चिप) होता, व्ही४ मध्ये आर८२८डी आहे. जुन्या लायब्ररीत असं गृहीत धरलेलं आहे की आर८२८डी दिसला म्हणजे त्याचा क्रिस्टल (फ्रिक्वेन्सीचा ठोका देणारा स्फटिक) १६ मेगाहर्ट्झचा. व्ही४ च्या बोर्डावर मात्र २८.८ मेगाहर्ट्झचा एकच क्रिस्टल आहे आणि तोच दोन्ही चिप वापरतात. आता २८.८ भागिले १६ किती, तर १.८. तू १०० मेगाहर्ट्झ मागितलेस की लायब्ररी १६ धरून आकडे भरते आणि ट्यूनर प्रत्यक्षात १८० च्या आसपास जाऊन बसायला बघतो, आणि बऱ्याच ठिकाणी तर त्याच्या आतल्या ऑसिलेटरच्या आवाक्याबाहेरच जातो. म्हणून पीएलएल लॉक होत नाही आणि म्हणून एफएमच्या जागी खरखर. चिप बिचारी बरोबर चाललीय, हिशोब चुकलाय.

नवीन ड्रायव्हर काय करतो तर डोंगलच्या इप्रॉममधलं (आतल्या छोट्या मेमरीतलं) नाव वाचतो, तिथं ब्लॉग व्ही४ दिसलं की २८.८ च धरतो. यावरून एक लक्षात ठेव, आरटीएल-इप्रॉम या टूलनं ते नाव कधी बदलायचं नाही. सिरियल नंबर बदललास तर चालतंय, नावाला हात लावलास तर नवीन ड्रायव्हर पण त्याला ओळखणार नाही.

दुसरा प्रश्न, जीक्यूआरएक्स का उघडेना. एपीटीनं (मिंटचा पॅकेज टाकायचा प्रोग्राम, सॉफ्टवेअर मॅनेजर पण तोच वापरतो) टाकलेल्या लायब्ररी यूएसआर लिबमध्ये बसतात, तू हातानं मेक इन्स्टॉल केलेल्या यूएसआर लोकल लिबमध्ये बसतात. प्रोग्राम चालू होताना लोडर एका ठरलेल्या यादीतून शोधतो आणि त्या नावाची पहिली फाईल मिळाली की तीच उचलतो. एकाच गल्लीत एकाच नावाची दोन माणसं राहात असली की पोस्टमन पहिल्या दारात पत्र टाकून जातो, तसंच. तू जुनी फाईल काढलीस, नवी टाकलीस, पण ही यादी नवी करणारं एलडीकॉन्फिग चालवलं नसणार म्हणून लोडरच्या यादीत नवी आलेलीच नाही. शिवाय फाईलच्या नावातला शेवटचा आकडा बघ, जीक्यूआरएक्स एसओ डॉट ० मागतंय आणि तू बिल्ड केलेल्या व्हर्जननं दुसरा आकडा दिला असेल तर एलडीकॉन्फिग करून पण उपयोग नाही.

बघायचं कसं, तर एलडीकॉन्फिगला स्मॉल पी देऊन त्यातून आरटीएलएसडीआर ग्रेप कर (शोध), कुठली फाईल कुठून उचलली जातेय ते समोर येईल. आणि एलडीडी कमांड (प्रोग्राम कुठल्या लायब्ररी मागतो आणि त्या सापडतात का ते दाखवते) जीक्यूआरएक्सच्या फाईलवर आणि त्याला डोंगलशी जोडणाऱ्या ओस्मोएसडीआरच्या लायब्ररीवर चालवून बघ. काहीही इन्स्टॉल करायच्या आधी हे दोन करून बघायची सवय लाव, निम्मी भानगड इथंच कळते.

मिंट परत टाकायची अजिबात गरज नाही. माझं ठाम मत आहे की एका मशीनवर एका लायब्ररीचा एकच उगम ठेवायचा, एपीटी तर एपीटी, सोर्स तर सोर्स. अर्धं हे अर्धं ते केलं की आज चाललेलं महिन्यानं एखाद्या अपडेटमध्ये मोडतंय आणि तोवर आपण काय केलं होतं ते आठवत पण नाही. तुझ्या बाबतीत दोन्हीचा फायदा मिळेल असा रस्ता आहे, सोर्सचंच डेबियन पॅकेज बनवायचं आणि ते डीपीकेजी या कमांडनं टाकायचं, म्हणजे एपीटीला पण माहीत राहतं की ही फाईल कुणाची.

आधी साफसफाई. ज्या बिल्ड फोल्डरमधून मेक इन्स्टॉल केलं होतंस तिथंच जाऊन सुडो मेक अनइन्स्टॉल. फोल्डर उडवला असशील तर तेच सोर्स परत तसंच बिल्ड करून इन्स्टॉल कर आणि मग अनइन्स्टॉल कर, कारण काय काय काढायचं याची यादी इन्स्टॉल मॅनिफेस्ट नावाच्या फाईलमध्ये असते आणि ती इन्स्टॉल करतानाच तयार होते. आंधळेपणानं आरएम आरएफ करत बसू नको, जुन्या ब्लॉगवर ते सर्रास लिहिलेलं असतं पण एपीटीच्या फाईली हातानं उडवल्या की एपीटीला वाटतं त्या अजून आहेत. आणि एपीटी पर्जनं लिबआरटीएलएसडीआर काढायला गेलास तर ती आपल्याबरोबर जीक्यूआरएक्स पण घेऊन जाते, कारण ते तिच्यावर अवलंबून आहे. यस दाबायच्या आधी काय काय काढणार आहे ती यादी वाच.

मग एपीटीनं लिबयूएसबी १.० चं डेव्ह पॅकेज, गिट, सीमेक, बिल्ड-इसेन्शियल, पीकेजी-कॉन्फिग आणि डेबहेल्पर टाक. आरटीएल-एसडीआर ब्लॉगवाल्यांचा स्वतःचा फोर्क (सुधारलेली प्रत) गिटहबवर आहे तो क्लोन कर, डेप्थ १ दे म्हणजे सगळा इतिहास उतरत नाही, तुझा डेटा वाचेल. हे रेपो तसं पण छोटंच आहे. त्या फोल्डरमध्ये जाऊन डीपीकेजी-बिल्डपॅकेज, पुढं डॅश बी आणि डॅश डॅश नो-साइन. एक फोल्डर मागं आलास की तीन डेब फाईली दिसतील, लिबआरटीएलएसडीआर०, तिचं डेव्ह, आणि आरटीएल-एसडीआर. तिन्ही डीपीकेजी डॅश आय नं टाक. नंतर अपडेट मॅनेजरनं जुनी परत बसवू नये म्हणून तिन्हींना एपीटी-मार्क होल्ड कर. डोंगल काढून परत लाव, जमलं तर रीस्टार्टच मार.

आता जीक्यूआरएक्स उघडायच्या आधी आरटीएल-टेस्ट चालव. राफाएल मायक्रो आर८२८डी ट्यूनर सापडला असं येईल आणि त्याच्या आसपास आरटीएल-एसडीआर ब्लॉग व्ही४ डिटेक्टेड अशी ओळ आली पाहिजे. ही दुसरी ओळ आली नाही तर अजून जुनीच लायब्ररी उचलली जातेय, परत एलडीडीकडं जा. इथं यूएसबी ओपन एरर मायनस ३ आला तर परवानगीचा प्रश्न, युडेव्हचे रूल्स (उपकरण कुणाला वापरता येईल ते ठरवणारे नियम) बसले नाहीत. यूएसबी क्लेम इंटरफेस एरर मायनस ६ आला तर डोंगल आधीच कुणीतरी धरून ठेवलाय, बहुतेक वेळा कर्नलमधला टीव्हीचा ड्रायव्हर डीव्हीबी यूएसबी आरटीएल२८एक्सएक्सयू, कारण ही चिप मुळात डीव्हीबी-टी टीव्ही बघायच्या डोंगलसाठी बनलेली. तो मॉडप्रोब डॉट डी मध्ये ब्लॅकलिस्ट करायचा. किंवा जीक्यूआरएक्स मागं उघडंच राहिलेलं असतं, ते पण बघ.

जीएनयू रेडिओबद्दल संध्याकाळी लिहितो, शिफ्ट सुरू व्हायलीय.

---

निपाणी_अँटेना

वरचं सगळं बरोबर आहे त्यात मी भर घालत नाही, मी अँटेना आणि उपग्रहाबद्दल सांगते कारण तुझा खरा बेत तो दिसतोय.

पहिलं म्हणजे नोआ या अमेरिकन हवामान उपग्रहांचे जे ट्यूटोरियल सगळीकडं आहेत ते आता उपयोगाचे नाहीत. नोआ १५, १८ आणि १९ हे तिन्ही २०२५ मध्ये बंद केले गेले, एपीटीवाली (ही चित्र पाठवायची पद्धत, वरची पॅकेजवाली एपीटी नव्हे) ती साधी ॲनालॉग चित्रं आता येत नाहीत. म्हणजे ती चित्रं डिकोड करणारं डब्ल्यूएक्सटूइमेज वगैरे टाकण्यात वेळ घालवू नको. तू मिटीओर म्हणालास ते योग्यच आहे, रशियाचे मिटीओर एम एन२-३ आणि एन२-४, एक २०२३ ला सोडलेला, दुसरा २०२४ ला. एलआरपीटी नावाचा डिजिटल सिग्नल देतात, १३७.९ किंवा १३७.१ मेगाहर्ट्झवर, कधी ह्या कधी त्या, म्हणून पास (उपग्रह आपल्यावरून जायची वेळ) सुरू झाला की वॉटरफॉलवर दोन्ही जागा बघायच्या. डिकोड करायला सॅटडंप वापर, ओपन सोर्स आहे, डोंगलमधून थेट घेऊन चित्रापर्यंत सगळं एकाच ठिकाणी होतं आणि रेकॉर्ड करून ठेवलेली फाईल नंतर पण डिकोड करता येते. तयार पॅकेज मिळालं तर तेच घे, ४ जीबीवर ते कंपाईल करत बसू नको.

अँटेना महागडी घ्यायची काही गरज नाही. व्ही डायपोल कर. ॲल्युमिनियमची किंवा पितळेची दोन सळ्या, प्रत्येकी ५३.४ सेंमी, दोघींच्या मधे १२० अंशाचा कोन, आणि जमिनीला समांतर आडवी ठेवायची, व्ही चं तोंड उत्तरेकडं किंवा दक्षिणेकडं, कारण हे उपग्रह ध्रुवावरून ध्रुवावर जातात. एक सळी कोॲक्स केबलच्या मधल्या तारेला, दुसरी जाळीला. मी विजेच्या वायरिंगच्या दुकानातला चॉकलेट कनेक्टर घेऊन त्यालाच दोन्ही सळ्या आवळल्यात, स्क्रू घट्ट मार आणि जोडावर पाणी जाणार नाही असं बघ, पावसात जोड काळा पडला की सिग्नल निम्मा होतो आणि आपण सॉफ्टवेअरला दोष देत बसतो.

जागेचं म्हणशील तर अनगोळच्या रूमच्या टेरेसवर पण होईल पण गावात एलईडी दिवे, इन्व्हर्टर, चार्जर यांचा कचरा फार असतो. निपाणीत मी राहते तिथं संध्याकाळी शेजारच्या दुकानाचे दिवे लागले की वॉटरफॉलवर उभ्या रेषा उमटतात, त्यांनी बंद केले की जातात. जांबोटीला हा त्रास कमी, पण डोंगर आणि झाडी असल्यानं पठारावर नाहीतर उघड्या माळावर जा, क्षितिज जितकं खाली दिसेल तितकं चित्र लांब मिळतं. आणि लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर चालव असं म्हणणार होते पण तुझी बॅटरी संपलीय म्हणतोस, तर मित्राचा लॅपटॉप एका दिवसासाठी घे. यूएसबी एक्स्टेन्शन घालून डोंगल लॅपटॉपपासून लांब ठेवलास तरी फरक पडतो.

गेन (सिग्नल किती वाढवायचा ते) ऑटोवर सोडू नको. हातानं वाढवत ने, सिग्नल वर येतो तोवर वाढव, त्याच्या बरोबरीनं खालची खरखर पण वर यायला लागली की एक पायरी मागं ये.

---

उद्यमबाग_टेक

ताईंनी गेनचं सांगितलं ते सोन्यासारखं आहे, त्याकडं लक्ष दे.

आता जीएनयू रेडिओ. तुला तो कंपाईल करायची गरज नाही. मिंट २१ च्या रेपोमध्ये ३.१० चाच आहे, एपीटी इन्स्टॉल जीएनयूरेडिओ आणि जीआर-ओस्मोएसडीआर, झालं काम. तू जो ब्लॉग वाचलास तो ३.७ चा, म्हणजे पायथन २ च्या जमान्यातला. २०१९ मध्ये ३.८ आलं तेव्हा ते पायथन ३ वर गेले आणि जीआरसीच्या (जीएनयू रेडिओत ब्लॉक जोडायच्या खिडकीच्या) फाईली एक्सएमएलच्या यामल झाल्या. २०२१ च्या ३.९ मध्ये स्विग काढून त्याच कामाला पायबाइंड११ घातलं. २०२२ ला ३.१०. म्हणून तू स्विग शोधत होतास ती गोष्टच आता त्यात राहिलेली नाही. इंटरनेटवर काहीही वाचताना पहिलं बघायचं की हे कुठल्या व्हर्जनसाठी लिहिलंय, ते लिहिलेलं नसेल तर तारीख बघ, तारीख पण नसेल तर सोडून दे.

हेच आउट ऑफ ट्री, म्हणजे बाहेरून जोडायच्या, मॉड्यूलला लागू आहे. आरडीएससाठी तुला जीआर-आरडीएस लागणार, ते तेवढं सोर्समधून घे हरकत नाही, पण क्लोन केल्यावर ब्रँच बघ. बऱ्याच मॉड्यूलना मेंट-३.८, मेंट-३.९, मेंट-३.१० अशा ब्रँच असतात, तुझ्या जीएनयू रेडिओशी जुळते तीच चेकआउट कर. नाहीतर बिल्ड होतंय आणि जीआरसीत ब्लॉक पण दिसतोय पण चालवलं की इम्पोर्ट एरर.

सीसी१प्लस किल्ड म्हणजे कोडमध्ये चूक नाही, रॅम संपली म्हणून कर्नलनं कंपायलरला मारलं. पायबाइंडच्या फाईली कंपाईल होताना एकेक प्रोसेस जीबीभर सहज खाऊ शकते. ब्लॉगवर मेक डॅश जे८ लिहिलेलं असतं ते ज्याच्याकडं १६ जीबी आहे त्याच्यासाठी. तू नुसतं मेक लिही, ब्राउझर बंद ठेव, आणि ४ जीबीची स्वॅप फाईल कर. हळू होईल पण होईल. लाईट गेली म्हणून घाबरू नको, लाईट आली की त्याच फोल्डरमध्ये परत मेक, आधी झालेल्या फाईली तो परत करत नाही, राहिलं तिथून पुढं जातो. बंद पडतानाची जी अर्धवट फाईल असेल तीच त्रास देते, लिंक होताना एखाद्या डॉट ओ फाईलबद्दल तक्रार आली तर तेवढी काढून परत मेक कर.

अजून एक, सीमेक झाल्यावर शेवटी जे छापून येतं ते वाचल्याशिवाय मेक करायचं नाही. जीएनयू रेडिओच्या सीमेकमध्ये एनेबल्ड आणि डिसेबल्ड कंपोनंट अशा दोन याद्या येतात. क्यूटी किंवा क्यूडब्ल्यूटी (खिडक्या आणि आलेख दाखवणाऱ्या लायब्ररी) मिळालं नाही तर तो एरर देत नाही, गपचूप क्यूटी-जीयूआय डिसेबल्डच्या यादीत टाकतो, बिल्ड शंभर टक्के होतंय आणि नंतर आपण शोधत बसतोय की वॉटरफॉलचा ब्लॉक कुठं गेला. आणि मेकमध्ये एरर आला तर सगळ्यात खालची ओळ वाचू नको, वर जा आणि पहिला एरर शोध. खालचे सगळे त्याच्यामुळं आलेले असतात. विचारायचं असेल तेव्हा पण तोच पहिला एरर पेस्ट कर.

सोर्समधून जे काय टाकशील ते सीमेक इन्स्टॉल प्रीफिक्स देऊन होम फोल्डरमध्ये एसडीआर नावाच्या फोल्डरमध्ये टाक. मग पायथन पाथ आणि एलडी लायब्ररी पाथ त्या फोल्डरकडं वळवावे लागतात, एवढं एक काम वाढतं, पण काही बिघडलं तर एक फोल्डर उडवला की मशीन जसंच्या तसं.

---

जांबोटी_सिग्नल

दादा, ताई, लागलं! मेक अनइन्स्टॉल केलं, डेब बनवून टाकले, आरटीएल-टेस्टमध्ये ब्लॉग व्ही४ डिटेक्टेड ही ओळ आली आणि पीएलएलची ओळ गायब. जीक्यूआरएक्स एपीटीनं परत टाकलं, वाइड एफएम स्टिरिओ लावलं आणि स्टेशन एकदम स्वच्छ. वॉटरफॉलवर स्टेशनच्या दोन्ही बाजूंना पसरलेला पट्टा बघून फार आनंद झाला, पुस्तकात डेव्हिएशन म्हणून वाचलेलं ते डोळ्यासमोर हलताना दिसायलंय.

एलडीडीत तुम्ही म्हणालात तेच दिसलं, ओस्मोएसडीआरच्या पुढं लिबआरटीएलएसडीआर नॉट फाउंड.

दोन गोष्टी राहिल्यात. आरटीएल-टेस्ट चालू ठेवलं की मधून मधून लॉस्ट ॲट लीस्ट अमुक बाइट्स असं येतंय, ते चालतंय का? आणि जीआरसी उघडल्यावर डोंगलचा सिग्नल आत घेणारा ओस्मोकॉम सोर्सचा ब्लॉक सापडेना, पण सोपी (Soapy) आरटीएलएसडीआर सोर्स म्हणून एक दिसतोय, तो घेऊ का?

आणि एक विचारायचं राहिलं, सांबऱ्याला विमानतळ जवळ आहे तर टॉवर आणि पायलटचं बोलणं रेकॉर्ड करून प्रोजेक्टच्या प्रेझेंटेशनमध्ये वाजवलं तर चालेल का? बरोबरचा मित्र म्हणतोय लई भारी दिसेल.

---

७३_बेळगाव

शेवटच्या प्रश्नाचं मी सांगतो, मी व्हीयू३ लायसन्सवाला हॅम, म्हणजे हौशी रेडिओवाला आहे. ते करू नकोस बाळा.

सांबऱ्याला नुसता प्रवासी विमानतळ नाही, हवाई दलाचं ठाणं आहे. गावात मराठा लाइट इन्फंट्रीचं रेजिमेंटल सेंटर आहे. आपलं गाव लष्कराचं गाव आहे आणि इथं कुणी अँटेना घेऊन त्यांच्या कुंपणाजवळ फिरताना दिसला तर विचारपूस होणार आणि ती व्हायलाच पाहिजे. जे सगळ्यांनी ऐकावं म्हणून सोडलेलं आहे ते ऐक, आकाशवाणी, एफएम, हवामान उपग्रह, हॅम बँड. दोघांचं आपापसातलं बोलणं पकडून रेकॉर्ड करायचं आणि लोकांना वाजवून दाखवायचं हे आपल्या कामात बसत नाही, मग ते विमानाचं असो की पोलिसांचं. आमच्या छंदात ही शिस्त पहिल्यापासून आहे, आणि ती पाळली म्हणूनच हा छंद टिकून आहे.

प्रेझेंटेशनला भारी दिसेल असं हवंच असेल तर दोन गोष्टी सुचवतो. एक, अंतराळ स्थानकाचा १४५.८ मेगाहर्ट्झ. तिथले अंतराळवीर शाळेतल्या पोरांशी हॅम रेडिओवरून ठरवून बोलतात, ते सगळ्यांसाठी खुलं असतं. साध्या एफएमवर, तुझ्याच व्ही डायपोलवर ऐकू येतं. शिवाय १४५.८२५ वर तिथून डिजिटल पॅकेट येतात, डायरवूल्फ नावाचं ओपन सोर्स सॉफ्टवेअर ती डिकोड करतं आणि ते एपीटीत आहे.

दुसरं, धारवाड आकाशवाणी ७६५ किलोहर्ट्झ मीडियम वेव्ह. व्ही४ मध्ये आतच अपकन्व्हर्टर आहे, येणाऱ्या फ्रिक्वेन्सीत तो २८.८ मिळवतो आणि नवीन ड्रायव्हर ते आपोआप वजा करून दाखवतो, त्यामुळं तू थेट ७६५ किलोहर्ट्झ टाकायचं. दिवसा धारवाड आणि रात्री सांगली, १२५१ किलोहर्ट्झ, दोन्ही वॉटरफॉलवर आळीपाळीनं दाखव. दिवसा मीडियम वेव्ह जमिनीलगतच चालते, रात्री वरच्या आयनोस्फिअरवरून परतून लांबची स्टेशनं येतात आणि एकमेकांत मिसळतात. पंधरा फूट वायर खिडकीतून बाहेर सोड, पुरे. तुझ्या सरांना एएमचा कॅरिअर आणि दोन साइडबँड जिवंत दाखवलेस तर मॅटलॅबची आठवण कुणाला येणार नाही.

आणि कॉलेजची परीक्षा झाली की एएसओसीची (हॅम लायसन्ससाठीची) परीक्षा दे. डोंगलवर नुसतं ऐकता येतं, स्वतःचा सिग्नल हवेत सोडायचा तर लायसन्स लागतं. रिस्ट्रिक्टेड ग्रेड तुझ्या अभ्यासक्रमातल्या पोराला जड नाही.

---

उद्यमबाग_टेक

काकांनी सांगितलंय ते मनावर घे.

लॉस्ट बाइट्स सुरुवातीला एकदा आले तर सोडून दे, ते नेहमीचंच. चालू असताना सतत येत असतील तर यूएसबीला वेग पुरेना. आरटीएल-टेस्ट बाय डिफॉल्ट सेकंदाला २.०४८ मेगासॅम्पलवर चालतं, डोंगल २.४ पर्यंत निवांत जातो, त्याच्या वर ३.२ पर्यंत आकडा टाकता येतो पण सॅम्पल गळायला लागतात. हब असेल तर काढ, थेट पोर्टला लाव, दुसरा पोर्ट लावून बघ. व्हर्च्युअल बॉक्समध्ये चालवायचा विचार असेल तर नको, तिथं हे फारच होतं. आणि एफएमला २.४ ची गरज पण नाही, मिटीओरला १ च्या आसपास भरपूर झालं, रेट कमी ठेवलास की तुझ्या जुन्या लॅपटॉपला पण दम निघेल.

ओस्मोकॉम सोर्स दिसेना याचं कारण जीआर-ओस्मोएसडीआर पॅकेज बसलेलं नसणार किंवा साफसफाईत गेलं असणार. एपीटीनं टाक, मग जीआरसी बंद करून उघड. टाकल्यावर परत एकदा एलडीकॉन्फिगमध्ये बघून घे की लिबआरटीएलएसडीआर तुझीच आहे, होल्ड केलंयस म्हणजे हलायची नाही पण बघ. सोपी सोर्स पण चालतोय, ३.९ पासून तो जीएनयू रेडिओच्या आतच आला, त्याला फक्त सोपीएसडीआर-मॉड्यूल-आरटीएलएसडीआर हे पॅकेज लागतं. शेवटी दोन्ही त्याच लायब्ररीकडं जातात. जीआर-आरडीएसच्या उदाहरणाच्या फ्लोग्राफमध्ये जो सोर्स आहे तोच ठेव म्हणजे बाकी काही बदलावं लागणार नाही.

आरडीएसचा सबकॅरिअर (आवाजाच्या वर बसवलेला वेगळा सिग्नल) ५७ किलोहर्ट्झवर असतो, स्टिरिओच्या १९ किलोहर्ट्झच्या पायलट टोनच्या (स्टिरिओ आहे हे सांगणाऱ्या खुणेच्या) बरोबर तिप्पट. डीमॉड्युलेट केल्यावर क्यूटी जीयूआय फ्रिक्वेन्सी सिंक (आलेख दाखवणारा ब्लॉक) लावून आधी १९ ची टोकदार रेष दिसतेय का बघ. ती दिसली आणि ५७ ला दोन छोटे उंचवटे दिसले तरच डिकोडर जोड. उंचवटे नसतील तर ते स्टेशन आरडीएस सोडतच नाही, दुसरं स्टेशन घे.

---

जांबोटी_सिग्नल

हब काढला, लॉस्ट बाइट्स गेले. जीआर-ओस्मोएसडीआर टाकलं, ब्लॉक आला. १९ ची रेष पण दिसली, ५७ ला एका स्टेशनवर आहे, एकावर नाही. जीआर-आरडीएस मेंट-३.१० वरून आत्ता मेकला लावलंय, नुसतं मेक, स्वॅप फाईलसकट.

ताई, सळ्या आणल्यात. शनिवारी गावी जातोय, मिटीओरचा सकाळचा पास बघून ठेवलाय. पाऊस नसला तर कणकुंबीच्या बाजूच्या माळावर जाईन. चित्र आलं तर इथंच टाकतो, नाही आलं तर वॉटरफॉलचा स्क्रीनशॉट टाकतो म्हणजे काय कमी पडलं ते तुम्हाला बघता येईल. काका, एअरबँडचं प्रेझेंटेशनमधून काढून टाकलं, धारवाडचं घेतोय.